विकास आराखड्यावर हरकत नोंदवताना: भांडुपमधला माझा अनुभव

फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा, म्हणजे कुठल्या जागेवर काय होणार हे ठरवणाऱ्या पालिकेच्या नकाशांचा आणि नियमांचा, मसुदा जाहीर झाला, तेव्हा मी भांडुप पश्चिमेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात हिशेब बघायचे. चार लेथ, एक मिलिंग मशीन, अकरा माणसं. गाळ्याच्या मागे एका बंद कंपनीचं आवार होतं. कुंपणाची भिंत एका बाजूने पडलेली, आत मोकळी जागा आणि जांभळाची दोन झाडं. दुपारी आमचे कामगार तिथे डबा खायचे, संध्याकाळी चाळीतली पोरं क्रिकेट खेळायची. कागदावर ती जागा काय आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

पेपरात वाचून मी घाईघाईने एक पत्र दिलं. ‘आमच्या भागात मुलांना खेळायला मैदान नाही, तरी ते द्यावे’ एवढाच मजकूर. पोच मिळाली, काम झालं असं वाटलं. त्या मसुद्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेऊन दुरुस्त करायला सांगितला. एकूण सूचना-हरकती सुमारे ६५ हजार आल्या होत्या. माझं पत्र त्या ढिगात कुठेतरी होतं.

मे २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला. या वेळी पत्र देण्याआधी मी ते आमच्या चाळीतल्या एका काकांना दाखवलं. सरकारी नोकरीत असताना त्यांनी नगररचनेची कामं केली होती. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, “पत्र चांगलं लिहिलंयस गं. पण नंबर कुठाय?”

नंबर म्हणजे नगर भूमापन क्रमांक, ज्याला सगळे सीटीएस नंबर म्हणतात. आराखडा बोलतो तो त्याच भाषेत. ‘आमच्या भागात मैदान’ या मागणीवर कुणालाच काही करता येत नाही. अमुक सीटीएसवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण दाखवा, म्हणजे ती जागा मैदानासाठी राखून ठेवा, असं लिहिलं की निदान हो किंवा नाही म्हणावं लागतं. मग मी प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जागेच्या मालकीचा सरकारी उतारा, काढलं, आमच्या भागाची नकाशाची शीट मिळवली आणि दोन रविवार काकांच्या ओट्यावर बसून जुनी आणि नवी शीट ताडून पाहिली. जुन्या, म्हणजे नव्वदच्या दशकात मंजूर झालेल्या आराखड्यात त्या आवाराच्या मागच्या अर्ध्या भागावर मैदानाचं आरक्षण होतं. पंचवीस वर्षांत ते कुणी ताब्यात घेतलं नव्हतं आणि नव्या शीटवर ते दिसतच नव्हतं. त्या शोधाने मला रात्रभर झोप आली नाही.

खरा पेच घरात उभा राहिला. माझा धाकटा भाऊ लग्नानंतर बदलापूरला राहायला गेला होता, भांडुपात घर परवडेना म्हणून. मी हरकतीचा कागद त्याला वाचून दाखवला तर तो म्हणाला, “ताई, तू मैदान मागतेस, माझी बायको रोज पावणेदोन तास लोकलमध्ये उभी असते. तिथे घरं का नाही मागत?” मला उत्तर देता आलं नाही. मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम १.२४ चौरस मीटर असल्याचं तेव्हा सगळे सांगत होते, केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं १० ते १२ म्हणतात. पण हा आकडा भावाच्या बायकोसमोर ठेवायची माझी हिंमत झाली नाही. गाळ्यातल्या फिटरना तिसरीच भीती. घरं आली की औद्योगिक झोन, म्हणजे आराखड्यात कारखान्यांसाठी ठेवलेला भाग, जातो, झोन गेला की गाळे जातात. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कंपन्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिलेले त्यांनी पाहिले होते.

आराखडा तर तिन्ही गोष्टींचं आश्वासन देत होता. पुढे मंजुरीच्या वेळी १० लाख परवडणारी घरं आणि ८० लाख रोजगार हे आकडे गाजले. रोजगाराचा भर व्यापारी चटईक्षेत्र, म्हणजे दुकानं-कार्यालयांसाठी बांधता येणारं क्षेत्रफळ, वाढवण्यावर होता. काचेच्या इमारतीतल्या कार्यालयात आमच्या लेथवाल्याला कोण घेणार, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही.

काकांनी मला गिरण्यांच्या जमिनींची गोष्ट समजावली, आणि तिथे माझं पत्र बदललं. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीसाठी तीन वाट्यांचं सूत्र होतं: एक वाटा मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ च्या बदलात ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, बांधकामाखालची जमीन हिशेबातून वगळली गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. सूत्र तेच राहिलं, पण जनतेच्या वाट्याला यायची जमीन कितीतरी घटली. “टक्का किती हे सगळे विचारतात,” काका म्हणाले. “कशाचा टक्का, ते तू विचार.”

म्हणून माझ्या हरकतीत तीन मागण्या आल्या. सीटीएसनिशी मैदानाचं आरक्षण परत दाखवा. आवाराच्या पुढच्या भागाचा झोन बदलायची वेळ आलीच, तर मालकाने लोकांसाठी सोडायची जागा एकूण क्षेत्रफळावर मोजा आणि तिथे छोट्या घरांचा हिस्सा ठेवा. आणि चालू असलेले गाळे औद्योगिक झोनमध्येच राहू द्या. भावाने त्यावर सही केली. गाळ्यातल्या अकराही जणांनी केली.

सुनावणी पावसाळ्यानंतर झाली. कायद्याप्रमाणे हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत पालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. बोलायला मोजकी मिनिटं मिळाली. मी मैदान किती गरजेचं आहे हे सांगत बसले नाही. दोन्ही शीटच्या झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवल्या आणि गायब झालेल्या चौकोनावर बोट ठेवलं. एका सदस्याने नंबर पुन्हा विचारला आणि लिहून घेतला. कुणी हरकत नोंदवणार असेल तर मी हेच सांगेन: भाषण घरी ठेवा, शीट घेऊन जा.

मे २०१८ मध्ये शासनाने आराखडा मंजूर केला, १ सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. आमच्या शीटवर मैदान परत आलं होतं, आधीपेक्षा लहान. मी गाळ्यात पेढे वाटले. गाळ्यांना मात्र संरक्षण मिळालं नाही, झोन बदलायची वाट नियमावलीत मोकळीच आहे. २०२१ मध्ये आमच्या मालकांनी गाळा विकला, मशीन वसईला गेल्या. अकरापैकी चार जण तिकडे गेले. बाकीच्यांपैकी दोघे आज सोसायट्यांच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी करतात, आणि ते भेटले की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

आरक्षण म्हणजे मैदान नव्हे, हे मला नंतर कळलं. नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे ‘जमीन विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतरच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. आमची दहा वर्षं १ सप्टेंबर २०२८ ला भरतात. काका आता नाहीत. मी दर वर्षी त्या सीटीएसचा डीपी रिमार्क, म्हणजे आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय याचा पालिकेचा दाखला, काढते, जमीन ताब्यात घेण्याविषयी एक अर्ज देते आणि पोच त्याच फाइलला लावते. चाळीतल्या दोन मुली यंदापासून माझ्याबरोबर येतात. त्यांना नंबर पाठ आहे.