तुम्ही विचारलंत म्हणून: शून्य सावलीचा संच कसा करायचा?

शाळांसाठी विज्ञानाचं साहित्य तयार करणाऱ्यांना शिक्षक हमखास विचारतात, ‘शून्य सावली दिवसाचा संच कराल का?’ आमचं उत्तर असं, की सावलीचा संच जरूर करा, पण शून्य सावलीचा नको. महाराष्ट्रात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, तो शून्य सावलीचा दिवस येतो मे महिन्यात, भर सुट्टीत. पुन्हा येतो जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा ढगांपुढे सावलीच पडत नाही.

त्याऐवजी २१ मार्च धरा. शाळा भरलेली असते, आभाळ बहुधा मोकळं असतं आणि त्या दिवशी मध्यान्हीला सूर्य डोक्यावरून जितके अंश दक्षिणेला कललेला दिसतो, जवळजवळ तितकाच आपल्या गावाचा अक्षांश असतो.

हा कोन मोजायला काठी रोवायच्या फंदात पडू नका. काठी एक अंश कलली की उत्तरही साधारण तेवढंच चुकतं. शिवाय सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं असल्यामुळे ५० सेंटिमीटर काठीच्या सावलीचं टोक अर्धा सेंटिमीटर पुसट दिसतं. वर्गातलं स्टूल घ्या. पुठ्ठ्याच्या चौकोनाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा आणि भोक स्टुलाच्या उत्तरेकडे बाहेर येईल असा तो चिकटवा. दक्षिणेकडे ठेवलात तर उजेडाचा ठिपका स्टुलाखाली पडेल. भोकातून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. त्या खुणेपासून भोकाची उंची मोजायची आणि त्याच खुणेपासून उजेडाच्या ठिपक्याच्या मध्यापर्यंतचं अंतर. जमीन सपाट हवी. गोटी ठेवून पाहा, घरंगळली तर जागा बदला. मुलं सूर्याकडे पाठ करून ठिपक्याकडेच पाहतील, वर नाही, हे पत्रकाच्या पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात छापा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेळेचा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, त्यामुळे २१ मार्चला पुण्यात खरी मध्यान्ह, म्हणजे सूर्य सगळ्यात उंच असण्याची वेळ, होते सुमारे १२ वाजून ४२ मिनिटांनी. उंची ५० सेंटिमीटर असेल तर तेव्हा अंतर येतं १६.७ सेंटिमीटर, म्हणजे १८.५ अंश. घड्याळात बाराचे ठोके पडल्यावर मोजलंत तर १९.४ सेंटिमीटर येतं आणि पुणं थेट नागपूरच्या अक्षांशावर जाऊन बसतं! म्हणून १२.२० ते १.०० दर पाच मिनिटांनी ठिपक्यावर खूण करायची आणि सगळ्यात कमी अंतर घ्यायचं. मध्यान्हीच्या आसपास अंतर फार सावकाश बदलतं, त्यामुळे एखादी खूण हुकली तरी बिघडत नाही.

सातवीच्या मुलांना त्रिकोणमिती येत नाही, आणि तिची गरजही नाही. उंची आणि अंतर या बाजू धरून निम्म्या मापाने काटकोन त्रिकोण काढून कंपासपेटीतल्या कोनमापकाने वरचा, भोकापाशी असलेला कोन मोजता येतो.

खरी मजा दोन शाळांची जोडी लावण्यात आहे. कोल्हापूर आणि नाशिक जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. ५० सेंटिमीटर उंचीला अंतरं यायला हवीत १५.० आणि १८.२ सेंटिमीटर. कोनांतला फरक ३.३ अंश, दोन्ही गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर सुमारे ३६६ किलोमीटर. ३६६ ला ३६० ने गुणून ३.३ ने भागा, पृथ्वीचा परीघ येतो सुमारे ३९,९०० किलोमीटर. मात्र एका अंशाची चूक होऊन फरकाच्या जागी ४.३ अंश आले तर हाच परीघ ३०,६०० वर घसरतो. एवढी काटेकोर मांडणी त्यासाठीच.

हे आकडे मुलांच्या पत्रकात कुठेही छापू नका. उत्तर आधी दिसलं की मुलं खूण तिकडे सरकवतात. तिथे फक्त रिकामा तक्ता हवा. आकडे शिक्षकांच्या पानावर. आकृत्याही साध्या काळ्या रेषांच्या ठेवा, कारण झेरॉक्समध्ये रंग आणि छटा काळवंडून जातात.