एम. ए.साठी ठाणे सोडावे का?

पुरातत्त्वाचा अभ्यास पुढे न्यायचा, हे माझ्या मनाशी केव्हाच ठरलेले आहे. ठरत नव्हते ते एवढेच, की ठाण्यात चरईतल्या घरी राहून मुंबई विद्यापीठातून इतिहासात एम. ए. करावे आणि पुरातत्त्व त्याच्या जोडीने शिकावे, की ऐरोलीची नोकरी सोडून पुण्याला जावे आणि डेक्कन कॉलेजात दोन वर्षे दुसरे काहीही न करता तेच करावे. घरात या विषयावर इतके बोलणे झाले आहे की प्रत्येकाची बाजू आता प्रत्येकाला पाठ आहे. तरीही लिहायला बसले आहे, कारण बोलताना आपण समोरच्याच्या शंकांना उत्तरे देत राहतो आणि आपली स्वतःची शंका तशीच राहून जाते.

मुंबईची बाजू दुबळी आहे असे कोणी समजू नये. 1882 साली भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला, त्यातला करंडक आणि बुद्धमूर्ती आज टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. कान्हेरीची लेणी आणि घारापुरी एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची दालने आहेत, कलिन्याला जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे आणि विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने पुरातत्त्वाचे अर्धवेळ अभ्यासक्रम चालवून अनेक नोकरदार माणसांना या विषयाची गोडी लावली आहे. ठाण्यात तर मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून उभे आहे, आणि इतिहासाची माझी पहिली पुस्तके मला तिथेच मिळाली. म्हणजे साधनांच्या अभावामुळे ठाणे सोडावे लागते आहे असे म्हणणे खोटे ठरेल.

अडचण वेळेची आहे. ठाण्याहून कुर्ल्यापर्यंत लोकल, तिथून पश्चिमेला बाहेर पडून कलिन्यासाठी शेअर रिक्षा किंवा बस, आणि गर्दीच्या वेळी घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत दीड तास सहज जातो. परतीचा तेवढाच धरला तर रोजचे तीन तास प्रवासात संपतात, आणि उभ्याने केलेल्या प्रवासानंतर रात्री जो वेळ उरतो त्यात शांतपणे वाचता येईल एवढी शक्ती अंगात शिल्लक नसते. पदवीच्या वर्षांत हे चालून गेले, कारण तिथे नेमलेली पुस्तके होती आणि परीक्षेपुरते त्यांतून निभावता येत होते. पदव्युत्तर अभ्यासाचा मोठा भाग मात्र तासिका संपल्यावर सुरू होतो असे मला वाटते. संध्याकाळी ग्रंथालयात एका अहवालातून दुसऱ्या अहवालाकडे जाणे, कोणी वरिष्ठ संशोधक खापरांची वर्गवारी करत असेल तर शेजारी बसून पाहणे, आपल्याला न समजलेली गोष्ट त्याच दिवशी विचारणे, हे सगळे ज्याला सहाची गाडी पकडायची आहे त्याच्या वाट्याला येत नाही. मुंबईत राहून ज्यांनी हे साध्य केले त्यांच्याविषयी मला अतिशय आदर आहे. परंतु मी ते करू शकेन असा भरवसा मला माझ्याबद्दल नाही.

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, पण त्या लौकिकासाठी मी पुण्याला चाललेली नाही. मला ओढ आहे ती येरवड्याच्या त्या एका आवाराची. 1821 साली विश्रामबाग वाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेतून ही संस्था वाढली, 1864 मध्ये तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले, 1934 मध्ये ती बंद पडली आणि 1939 मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभी राहिली. त्याच वर्षी पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया आणि मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे तिथे आले. भाषाशास्त्र, संस्कृत कोश, मानवशास्त्र आणि पुरातत्त्व या शाखा एकाच आवारात नांदल्या, आणि याचा पुरातत्त्वावर जो परिणाम झाला तो मला फार मोलाचा वाटतो, कारण सांकलियांच्या परंपरेत उत्खननाकडे राजांच्या याद्या भरून काढण्याचे साधन म्हणून पाहिले गेले नाही. माणसे काय खात होती, घरे कशी बांधत होती आणि मृतांना कसे ठेवत होती, हे तिथे विचारले गेले.

इनामगावचे उदाहरण घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड अशी दोन्ही हत्यारे वापरणाऱ्या काळातल्या वसाहतीचे उत्खनन 1968 मध्ये सुरू झाले आणि दशकभराहून अधिक काळ चालले. तिथे घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने सापडली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि त्यांत ते मूल. प्रौढांच्या अनेक सांगाड्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले होते. ही माहिती कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळते, आणि मीही ती तशीच वाचली. पण ते हाड मुलाचे आहे की करडाचे, ते किती वयाचे आहे, त्यावरचा छेद हत्याराचा आहे की मातीच्या दाबाने आलेली ती चीर आहे, हे ओळखणारी नजर पुस्तकातून येत नाही. त्यासाठी ज्ञात प्राण्यांच्या हाडांचा संदर्भसंग्रह हाताशी लागतो, जळालेल्या धान्याचे दाणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, आणि चूक झाली की ती तिथल्या तिथे दाखवणारा माणूस शेजारी असावा लागतो. डेक्कन कॉलेजात पुरावनस्पती आणि पुराप्राणी यांच्या अभ्यासाच्या प्रयोगशाळा आहेत, आणि हिवाळ्यात विद्यार्थी प्रत्यक्ष उत्खननावर जातात. खड्ड्याच्या कडेला बसून मातीचे थर वेगळे ओळखण्याचे शिक्षण रविवारच्या सहलीत मिळत नाही. माझ्या अनिश्चिततेला खरे वळण लागले ते हे नीट समजल्यानंतर.

पैशांचा विचार मी टाळलेला नाही. दोन वर्षे पगार नसेल, वसतिगृहात जागा न मिळाल्यास भाड्याची खोली घ्यावी लागेल, आणि माझी साठवण त्यात बहुतेक संपेल. बाबांनी हिशेब मांडून दाखवला तेव्हा त्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते. "दोन वर्षांनी हातात काय असेल ते सांग, मग मी तुला अडवणार नाही," एवढेच ते म्हणाले. मी त्यांना खरे ते सांगितले: पुरातत्त्वात जागा कमी निघतात, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या आणि राज्याच्या खात्याच्या भरतीवर डोळे लावून बसावे लागते, आणि एम. ए.नंतर नेटची परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी विद्यावृत्ती, मिळाली तरच संशोधनाची वाट पैशांच्या दृष्टीने मोकळी होते. जेआरएफची रक्कम 2023 पासून महिन्याला 37 हजार रुपये आहे, ही गोष्ट बाबांना थोडी दिलासा देऊन गेली, पण ती मिळेलच असे मी म्हणाले नाही. "बाबा, तुम्ही विचारता तशी हमी माझ्याकडे नाही," असे मी म्हणाले, आणि त्यांनी ते ऐकून घेतले.

आईची काळजी वेगळी आहे. आजीची सकाळची औषधे, तिला दवाखान्यात नेणे, तिच्या पेन्शनचे कागद, हे सारे आजवर मी पाहत आले. हे काम धाकट्या भावाने अंगावर घेतले आहे आणि तो ते मनापासून करतो आहे. ठाण्याहून पुणे गाडीने तीन तासांच्या आसपास आहे, तेव्हा निरोप आल्यास त्याच दिवशी घरी पोहोचता येते. परदेशी गेलेल्या मुलींच्या आयांना एवढेही समाधान नसते, असे आजीच आईला समजावत होती.

एवढे सगळे पुण्याच्या बाजूने झाले तरी एक शंका राहिली होती, आणि ती माझी एकटीचीच होती. मला ज्याचा अभ्यास करायचा आहे ते ठाण्यात आहे. आमचे गाव म्हणजे उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याचे स्थानक. 1787 मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आज मध्यवर्ती कारागृह आहे तिथे, बांधकामासाठी खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके 939 चा, म्हणजे इ. स. 1017 चा ताम्रपट सापडला. अंबरनाथच्या शिवालयातला लेख शके 982 चा आहे. या मोठ्या गोष्टींची नोंद झालेली आहे, त्यांची मला चिंता नाही. चिंता आहे ती साष्टीच्या गावागावांत विखुरलेल्या गधेगाळांची आणि वीरगळांची, म्हणजे दानाच्या शापशिळांची आणि लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांची. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेल्या शापाचे शिल्प, असा हा गधेगाळ कधी एखाद्या देवळामागे शेंदूर लावून उभा असतो, कधी विहिरीच्या काठाला पायरी होऊन बसतो, आणि एखादी जुनी इमारत पाडून तिथे टॉवरचे काम निघाले की डेब्रिजबरोबर नाहीसा होतो. घोडबंदर पट्ट्यात ज्या वेगाने बांधकामे चालली आहेत ती पाहता मी दोन वर्षांनी परत येईन तेव्हा आज पाहिलेल्यांतले काही दगड जागेवर नसतील. भाडे आणि पगार यांपेक्षा ही किंमत मला जास्त जड वाटत होती, आणि याच कारणाने मी बराच काळ ठाण्याकडे झुकत होते.

शेवटी मी स्वतःला असे विचारले, की मी ठाण्यातच राहिले तर या दगडांचे मी नेमके काय करणार होते? मी त्यांच्याकडे पाहू शकते, फोटो काढू शकते, गावकऱ्यांशी बोलू शकते. झिजलेली अक्षरे वाचणे, लेखाच्या वळणावरून त्याचा काळ ठरवणे आणि आसपासच्या खापरांवरून वस्तीचा अंदाज बांधणे मला आज येत नाही. येत नसताना नुसते जवळ राहण्याने दगड नाहीसा होण्यापासून वाचत नाही. म्हणून मी पुण्याला जाण्याचे ठरवले आहे, आणि एम. ए.च्या प्रबंधिकेसाठी ठाणे परिसरच निवडण्याची परवानगी मागणार आहे.

मात्र जाण्याआधी एक काम पुरे करायचे आहे. येऊर, घोडबंदर आणि कळव्याच्या बाजूला मला ठाऊक असलेल्या प्रत्येक दगडाची नोंद करायची: जागा, उंची व रुंदी, कोणत्या दिशेला तोंड आहे, शेंदूर किंवा सिमेंट किती चढले आहे, जवळपास कोणाची राखण आहे, आणि तिरप्या उन्हात घेतलेले स्पष्ट फोटो. पावसाळा लागला की शेवाळ चढते आणि अक्षरांची धार दिसेनाशी होते, म्हणून हे जूनच्या आधी व्हायला हवे. नोकरीचा राजीनामा मेअखेरीस देणार आहे. तोवर शनिवार-रविवार याच कामाला राखून ठेवले आहेत, आणि टेप धरायला भाऊ बरोबर येणार आहे.