आमची वाटचाल : वरातीच्या तबेल्यापासून शिंगरांच्या नोंदवहीपर्यंत

दौंड तालुक्यात भीमेच्या काठी वडिलांचा चार घोडींचा तबेला होता. लग्नसराईत त्या वरातीला जात आणि एखादी घोडी फळवून शिंगरू विकता आले, तर पावसाळ्यातील चाऱ्याची सोय होत असे. २००८ साली आम्ही वडिलांची शिल्लक आणि पतसंस्थेचे कर्ज एकत्र करून सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून मारवाडी जातीचा एक नर घोडा आणला आणि आसपासच्या मालकांच्या घोडी फळवून देण्याचा व्यवसाय सुरू केला. नर देखणा आणि वंशाचा असला की बाकीचे आपोआप जमते, असा माझा ठाम समज होता.

पहिल्या हंगामात आमच्याकडे १३ घोडी आल्या आणि त्यांपैकी ५ गाभण राहिल्या. मालकांनी दोष घोड्याच्या माथी मारला आणि मीही मनातून तेच म्हणत होतो. पुण्याहून आलेल्या पशुवैद्यांनी नराचे वीर्य तपासून ते उत्तम असल्याचे सांगितले, आणि मग मला घोडी लावल्याच्या तारखा विचारल्या. त्या तारखांतच सगळी गफलत होती. आम्ही सारे गाईगुरांत वाढलेली माणसे. गाईचा माज दिवसभरात उरकतो, म्हणून घोडीने शेपटी वर केली की त्याच दिवशी ती लावायची आणि मालकाने ती टेम्पोत चढवून घरी न्यायची, हा आमचा रिवाज होता. घोडीचे चक्र सुमारे २१ दिवसांचे असते, त्यातील माज ५ ते ७ दिवस टिकतो आणि बीजांड सुटते ते माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी. नराचे शुक्राणू घोडीच्या पोटात साधारण दोन-तीन दिवस तग धरतात, बीजांड मात्र सुटल्यावर काही तासच टिकते. पहिल्या दिवशी लावलेल्या घोडीच्या पोटी शिंगरू राहणे हा केवळ योगायोग होता, आणि त्या योगायोगाची आम्ही फी घेत होतो.

त्या दिवशी मी दोनशे पानी वही विकत आणली. प्रत्येक घोडीला एक पान दिले. रोज सकाळी जाड फळीच्या पलीकडे नर उभा करून घोडी त्याच्यासमोर आणायची आणि ती कान पाडते की लाथ उगारते, शेपटी बाजूला करते की नाही, थोडे थोडे मुतते का, हे त्या पानावर लिहायचे. माजाच्या तिसऱ्या दिवसापासून ती नराला झिडकारेपर्यंत एक दिवसाआड लावायची. घोडी आठवडाभर आमच्याकडे ठेवावी लागेल, हे मालकांना पटवण्यात दोन हंगाम गेले. अल्ट्रासाऊंडचे जुने मशीन घेतल्यावर काम आणखी नेमके झाले. बीजांडाची पुटिका (बीजांड ज्यात वाढते ती पाण्याची पिशवी) ३५ मिलिमीटरच्या पुढे गेलेली असावी आणि गर्भाशयाचा आडवा छेद पडद्यावर संत्र्याच्या चकतीसारखा फाकांचा दिसावा, ही चिन्हे दिसली की डॉक्टर बीजांड सुटण्याचे इंजेक्शन देतात. त्यानंतर सुमारे ३६ तासांत ते सुटते आणि बहुधा एकदाच लावून भागते. नरावरचा ताण कमी झाला आणि वयस्कर घोडींच्या गर्भाशयात वारंवार लावल्याने जो दाह होतो व पाणी साठते, तोही प्रकार घटला.

दिवस लांबू लागले की घोडी नियमित माजावर येते. आपल्याकडे पुण्यात हिवाळ्यातील लहानात लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असल्याने थंड देशांइतकी अडचण येत नाही. रेसच्या घोड्यांचे वय मात्र दर १ जानेवारीला एक वर्षाने वाढलेले धरतात, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच शिंगरू हवे असणाऱ्या त्यांच्या मालकांना फेब्रुवारीतच घोडी तयार हवी असते. त्यांच्यासाठी आम्ही डिसेंबरच्या सुरुवातीपासून १२ फूट बाय १२ फूट खणात २०० वॉटचा दिवा लावून दिवसाउजेड धरून १६ तास प्रकाश ठेवतो. वीजबिल ज्याचे त्याने द्यायचे, हे आधीच ठरवलेले बरे.

जुळ्यांचा धडा मात्र आम्हांला फार महाग पडला. लावल्यानंतर १४व्या दिवशी डॉक्टरांनी एका घोडीत एक गर्भपिशवी पाहिली आणि दुसऱ्या बाजूला शंका वाटल्याने दोन दिवसांनी पुन्हा तपासू, असे बजावले. मालक लांबचा होता, घोडी न्यायला गाडी दारात उभी होती आणि मी "एक तर दिसले आहे" असे म्हणून तिला जाऊ दिले. १६व्या दिवसापर्यंत दोन्ही पिशव्या गर्भाशयात फिरत असतात, त्यामुळे तोवर एक वेगळी सरकवून दाबून फोडता येते. पुढे त्या एका जागी रुतून बसल्या की ते फार कठीण होते. घोडीच्या गर्भाशयात दोन शिंगरांना पुरेल इतकी जागा वारेला मिळत नाही. आठव्या महिन्यात ती गाभडली आणि दोन्ही शिंगरे मेलेली निघाली, त्यांतले एक सशाएवढे होते. मालकाचे पैसे मी परत केले. तो पुन्हा आला नाही. १६व्या दिवसाची तपासणी झाल्याशिवाय एकही घोडी फाटकाबाहेर जात नाही, हा नियम तेव्हापासूनचा.

सुमारे ११ महिन्यांनी सडांवर मेणासारखे थेंब गोठले की एक-दोन रात्रींत घोडी विते, आणि बहुतेक रात्रीच विते. पाणमोट फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यावे, तासाभरात उभे राहावे, दोन तासांत प्यावे आणि तीन तासांत वार पडावी, एवढे आमच्या सईसालाही पाठ आहे. वार आम्ही पोत्यावर पसरून पाहतो. ती विजारीसारखी दोन पायांची दिसते. शिंगरू ज्या बाजूला नव्हते त्या बारीक पायाचे टोक तुटून आत राहिले, तर घोडीला ताप येतो आणि खुरांत लंगडेपणा शिरतो. चीक तपासायला आम्ही वापरतो ते उसाची आणि द्राक्षाची गोडी मोजण्याचे साधेच ब्रिक्समापक. आकडा २०च्या पुढे गेला की चीक चालण्याजोगा आणि ३०च्या पुढे उत्तम समजायचा. शिंगराला आईच्या पोटात रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ मिळतच नाही, ती चिकातूनच यावी लागते. म्हणून भरपूर चीक असलेल्या घोडीचा पाव लिटर काढून आम्ही फ्रीझरमध्ये ठेवतो.

ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा दाखला नसलेली घोडी आम्ही आत घेत नाही, आणि त्यापायी बरीच गिऱ्हाइके गमावली आहेत. गोठवलेल्या वीर्याची विचारणा वाढली आहे, विशेषतः २०२३ साली बिकानेरच्या संशोधन केंद्रात भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरू जन्मल्यापासून. परंतु गोठवलेल्या वीर्यासाठी दर सहा तासांनी घोडी तपासावी लागते आणि तेवढी माणसे आमच्याकडे नाहीत. रेसच्या घोड्यांत तर कृत्रिम रेतनाला वंशनोंदणीत थाराच नाही. उलट भीमथडी या आपल्याकडच्या देशी जातीच्या घोडी घेऊन येणाऱ्या धनगर मालकांना यातले काहीच लागत नाही. त्यांचा नर कळपात मोकळा फिरतो, वेळ घोडीच ठरवते आणि त्यांच्या घोडी आमच्या आधी गाभण राहतात. ते आमच्याकडे येतात ते अडलेल्या वेताला किंवा गाभण ठरवायला.

आता फी आम्ही तीन भागांत घेतो : घोडी आत आली की, ४५व्या दिवशी गर्भ टिकल्याचे दिसले की, आणि शिंगरू उभे राहून प्यायले की. तिसऱ्या भागाला वडिलांचा अजूनही विरोध आहे. घोडी लावल्यावर आपले काम संपले, असे ते म्हणतात आणि तरीही वेताच्या रात्री कंदील घेऊन तेच सर्वांत आधी तबेल्यात येऊन बसतात.