रस्ता इतका रिकामा का?

मी सायकलवाल्यांना गावागावांतून फिरवतो. पुण्या-मुंबईची, नागपूरची हौशी मंडळी येतात. त्यांच्यासाठी रस्ते शोधायचे, राहण्या-जेवणाची सोय लावायची आणि कुणाचं पंक्चर निघालं की रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसायचं. आमचा भाग चंद्रपूर जिल्ह्यातला, नागभीड-ब्रह्मपुरीकडचा. झाडीपट्टी. इकडे धानाच्या बांध्या म्हणजे बांध घातलेली शेतं, तळी, बोड्या म्हणजे छोटी तळी, आणि मधेमधे जंगल. विदर्भ म्हटलं की कापूस आणि ऊन एवढंच डोक्यात घेऊन आलेली माणसं पहिल्याच सकाळी गप्प होतात.

इथले रस्ते सायकलला फार चांगले. ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, तेव्हापासून पांदणीच्या जागी हळूहळू डांबर आलं, पण वाहनं काही तेवढी वाढली नाहीत. पाहुण्यांना मी पहिल्या दिवशी मैलाचे दगड ओळखायला शिकवतो. पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य महामार्गाचा आणि नारंगी डोक्याचा ग्रामसडकेचा. नारंगी दगडामागून नारंगी दगड असा दिवसभराचा रस्ता जुळवता आला की माझं काम झालं असं मी समजतो. तळ्याच्या पाळीवरून जाणारा तुकडा मिळाला तर अजून बरं. मालगुजारी काळातले हे तलाव, सगळे त्यांना मामा तलाव म्हणतात, अजूनही धान जगवतात. त्यांच्या पाळीवर सावली असते, बसायला जागा असते आणि पाहुण्यांना हवे असलेले फोटोही तिथेच निघतात.

सांगतोय तो दिवस दिवाळीनंतरचा. हलका, म्हणजे लवकर येणारा धान घरात आलेला, भारी, म्हणजे उशिराचा धान कापणीला. माझ्यासोबत आठ जण होते. त्यात पुण्याचे एक निवृत्त इंजिनियर, ज्यांच्या सायकलीच्या दांड्यावर सतत जीपीएस चालू असे. आणि नागपूरची एक डॉक्टर मुलगी, जी चढावर कुणालाही मागे टाकी. मागे बॅकअप गाडी. तळोधीच्या अलीकडून एका जंगलकाठच्या ग्रामसडकेने आतल्या गावांतून जायचं आणि दुपारपर्यंत ब्रह्मपुरीच्या बाजूला निघायचं, असा बेत होता. त्या रस्त्याने मी अनेकदा गेलेलो. नकाशात विचाराल तर अख्ख्या तालुक्यात याहून शांत रस्ता नाही.

सकाळी धुकं होतं. ते उठता उठता आम्ही त्या रस्त्याला लागलो आणि इंजिनियरसाहेब खूश झाले. "अहो, एक माणूस नाही की गाडी नाही! याला म्हणतात टूरिंग."

मला तेच खटकलं. कापणीच्या दिवसांत सकाळी आठ-साडेआठला या रस्त्यावर माणूस नाही हे शक्यच नाही. त्या वेळी बायांच्या रांगा जात असतात, हातात विळा, डोक्यावर शिदोरीची टोपली, मोठमोठ्याने बोलत. सायकली दिसल्या की हसतात, पोट्टे मागे धावतात. त्या दिवशी बांध्यांत कापलेल्या धानाच्या कडपा नुसत्या पडलेल्या. विळा चालत असल्याचा आवाज नाही. एक मोटरसायकल समोरून आली, तिच्यावर तिघे, आणि मोकळ्या रस्त्यावर तो माणूस सारखा हॉर्न वाजवत होता. थांबला नाही, हाताने मागे फिरा अशी खूण करून गेला. आणि गावाजवळच्या आखरावर, म्हणजे चरायला नेण्याआधी गुरं गोळा करतात त्या जागी, गुरं अजून तशीच उभी. गायकी, म्हणजे गुराखी, झाडाखाली बसलेला. इतक्या उन्हाला गुरं आखरावर म्हणजे कुणीतरी त्यांना जंगलात सोडायला नकार दिलेला.

मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. वानरांनी ओरडून इशारा दिला वगैरे काही झालं नाही. ते ताडोब्याच्या जिप्सीत ऐकू येतं. इथे मला रिकाम्या आखराऐवजी भरलेलं आखर दिसलं, एवढंच.

गायक्याला विचारलं तर तो उठलासुद्धा नाही. "नका जाऊ जी तिकडे. काल सांजच्याला गाय धरली वाघानं. तिथंच पडून हाये. आज कोनी नाई गेलं धान कापाले."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाघ म्हटलं की बाहेरच्यांना ताडोबा आठवतो, पण ब्रह्मपुरी वनविभाग हा ताडोब्याच्या बाहेरचा भाग आणि इथेही भरपूर वाघ आहेत. जंगल आणि शेत यांत भिंत नाही. बांधी संपली की झुडपं, झुडपं संपली की साग. मोठं जनावर मारलं की वाघ ते एका बैठकीत संपवत नाही, पुन्हा पुन्हा परत येतो. म्हणून गाय जिथे पडली तो रस्ता नुसता त्या रात्रीपुरता नाही, पुढचे काही दिवस वाघाचा. वरून मालकाला नुकसानभरपाई हवी असेल तर पंचनामा होईपर्यंत गाय हलवायची नाही. म्हणजे सगळं गाव कापणी सोडून वनरक्षकाची वाट बघत बसलेलं.

आम्हीही बसलो. दुसरा इलाज नव्हता. गावातल्या एका घरी चहा झाला, मग आलूपोहे झाले, पैसे घ्यायला कुणी तयार होईना. पारावर म्हाताऱ्यांची बैठक भरलेली. त्यातल्या एकाने आमच्या डॉक्टरच्या सायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या, तिची वाकडी हँडल निरखली आणि तिला बसून दाखवायला लावलं. ती बसली, नेहमीसारखी पुढे वाकून. तो मान हलवत म्हणाला, "बाई, तुमी त वाकूनच चालवता. वाकलेला माणूस वाघाले माणूस दिसत नाई. आमच्या बाया गवत कापता कापता, मोह वेचता वेचताच सापडतात. अन् हे तुमचं यंत्र आवाज बी करत नाई."

या धंद्यात मी इतकी वर्षं बिनआवाजाची सायकल हाच तिचा मोठा गुण म्हणून सांगत आलो. चेनला तेल हवं, करकर नको, म्हणजे पक्षी उडत नाहीत. म्हाताऱ्याच्या लेखी तो दोष होता. चालत जाणारा माणूस बोलतो, खोकतो, काठी आपटतो, जनावराला बाजूला व्हायला वेळ देतो. सायकलवाला ताशी वीसच्या वेगाने, वाकून, गुपचूप वळणावर येऊन उभा राहतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून जंगलकाठी आमच्या सायकलींना गुरांच्या गळ्यातल्या घंट्या बांधलेल्या असतात. पाहुण्यांना ती गंमत वाटते, वाटू दे.

वेळ जात होता म्हणून धानावर बोलणं निघालं. इंजिनियरसाहेबांनी विचारलं, एचएमटी तांदूळ इकडचाच ना? इथे सगळ्यांचेच कान टवकारले. एचएमटी शोधणारे दादाजी खोब्रागडे याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. (बाहेरचे लोक ऐकलं की मराठवाड्यातलं नांदेड समजतात, ते गुरुद्वाऱ्याचं. हे वेगळं, छोटं.) जेमतेम शिकलेला, थोडकी जमीन असलेला माणूस. पटेल ३ नावाच्या वाणात वेगळ्या दिसणाऱ्या ओंब्या त्यांनी १९८३ साली हेरल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत नेल्या. तेव्हा एचएमटीचं घड्याळ मिरवायची वस्तू होती, तेच नाव वाणाला चिकटलं. २०१८ मध्ये ते गेले. पारावरच्या एकाने फक्त इतकंच म्हटलं की वाण सगळ्या देशात गेला, पैसा मात्र दुसऱ्यांकडे गेला. मग पुन्हा सगळे गाईवर आले.

वनरक्षक अकराच्या सुमारास आला. पोरगेलासा, सोबत दोन मजूर. त्याने मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं की हा रस्ता आज तुमच्यासाठी नाही आणि उद्याही नाही. त्यावर आमच्यातले दोघे पुढे आले. लांबून, नुसतं लांबून गाय तरी बघता येईल का? वाघ दिसला तर नशीब. बॅकअप गाडीत बसून जाऊ. त्यांचं मी ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. ज्याची गाय मेली तो माणूस तिथेच पाच हातांवर बसला होता. वनरक्षक काही बोलला नाही, त्यांच्याकडे नुसतं बघितलं, ते पुरलं.

मग परत फिरलो. आलेल्या रस्त्याने बाहेर आलो आणि नागभीड-मूल हा मोठा रस्ता धरला. ट्रक, एसटी, धूळ, कडेच्या पट्टीवर फुटलेल्या बाटल्यांच्या काचा. मी पाहुण्यांना ज्या रस्त्यांपासून लांब ठेवण्याचे पैसे घेतो, अगदी तसला रस्ता. आणि मला सबंध टूरमध्ये इतकं निवांत कधीच वाटलं नव्हतं. प्रत्येक ट्रकने वाजवलेला हॉर्न बरा वाटत होता. नागभीडच्या अलीकडे दोन ट्यूब गेल्या. मुक्कामाला पोचायला संध्याकाळ झाली. जंगलाचा तुकडा मधे नव्हता म्हणून मी चालू दिलं, एरवी चारनंतर कुणालाही सायकलवर राहू देत नाही.

मुक्कामाच्या गावात मंडई होती, म्हणजे भाजीबाजार नव्हे, इकडची जत्रा. दिवाळीनंतर गावोगाव भरते, आणि रात्री नाटक. झाडीपट्टीचं नाटक शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या मंडळ्या करतात. रात्री उशिरा पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत. त्याच जंगलाच्या काठाकाठाने माणसं आली, पण कशी आली ते आमच्या लोकांनी बघितलं: ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीने, गाणी म्हणत, टॉर्च फिरवत. एकटा कुणीच नाही. डॉक्टर पहाटेपर्यंत जागी राहून बघत बसली. बाकीचे मध्यंतराला झोपले.

टूर संपल्यावर इंजिनियरसाहेबांचा मेसेज आला. पुढच्या महिन्यात ते एका मित्राबरोबर, गाडी-बिडी न घेता, परत येणार होते. त्या अर्धवट राहिलेल्या रस्त्याचा पूर्ण ट्रॅक पाठवा म्हणाले. मी आखरापर्यंतचा पाठवला आणि खाली लिहिलं की इथे गायक्याला भेटा, गुरं सुटली असतील तर पुढचं त्यालाच विचारा. ते जरा रागावले. शेवटी मित्रालाही घेऊन माझ्याच सोबत आले, मार्चमध्ये, आणि तेव्हा मी त्यांना दुसऱ्याच रस्त्याने नेलं, कारण मोहफूल पडायला लागलं होतं आणि पहाटे पहाटे बाया टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेल्या असतात.