नादारी घेतली तरी जामीनदार सुटत नाही

चोपड्याकडच्या एका कृषी केंद्रवाल्या भाऊंनी विचारलं, "ताई, मी नादारी घेतली तर शालकांचा पगार सुटेल का?" नादारी म्हणजे कोर्टाकडून स्वतःला दिवाळखोर ठरवून घेणं. शालक शिक्षक. भाऊंच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिले आणि आता सहकार कायद्याच्या कलम 101 खालच्या वसुली दाखल्यावर त्यांच्या पगारातून कपात चालू आहे. भाऊंची परवानगी घेऊन लिहिते आहे, कारण हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात.

शालक सुटत नाहीत. नादाराची कोर्टाने कर्जातून मुक्तता केली तरी त्याचा जामीनदार आणि भागीदार बांधलेलेच राहतात, असं कायद्यातच लिहिलं आहे.

कायदा 1920 चा, प्रांतिक नादारी कायदा. 2016 ची नवी दिवाळखोरी संहिता आली, पण तिचा व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाला. आपल्या जळगाव-धुळ्याच्या दुकानदाराला जुन्याच कायद्याने जिल्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते. देणं निदान 500 रुपये असावं, एवढीच रकमेची अट. त्या काळी ती रक्कम मोठी होती.

नादार ठरलं की दुकानातला माल, प्लॉट, शेत सगळं कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या हाती जातं. गावात अडकलेली उधारीसुद्धा. हे भाऊंच्या ध्यानात नव्हतं. जूनमध्ये बियाणं-खत उधार द्यायचं आणि कापूस विकला की पैसे घ्यायचे, हाच त्यांचा धंदा. दोन हंगाम कापसाने दगा दिला आणि खतावणीतली बाकी फुगत गेली. ती बाकी आता रिसीव्हर वसूल करणार, आणि देणारे भाऊंच्याच गल्लीतले. त्या माणसाला हे सांगताना मला जड गेलं.

उरतं काय? अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, रिवाजाप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना, कारागिराची हत्यारं, भविष्य निर्वाह निधी. शेतकऱ्याची अवजारं, लागतील तेवढे बैल, बी-बियाणं आणि राहतं घर वाचतं. दुकानदाराचं घर वाचत नाही. आणि तारण दिलेल्या मालमत्तेवर बँकेचा हक्क कायम असतो, नादारीने तो थांबत नाही.

बाकीच्या सावकारांना, म्हणजे ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्यांना, मात्र कोर्टाच्या परवानगीशिवाय दावा लावता येत नाही. हा दिलासा खरा आहे. पण सरकारी देणं, पोटगी आणि फसवणुकीने केलेलं कर्ज मुक्ततेनंतरही डोक्यावर राहतं.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. अर्जाआधी प्लॉट बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करून टाका, असा सल्ला चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. कृपा करून ऐकू नका! अशा हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला तर कोर्ट ते रद्द करू शकतं. भाऊंना आधी पतसंस्था भागवून शालकांना मोकळं करायचं होतं. पण देणं झेपत नसताना एकाच सावकाराला झुकतं माप देऊन पैसे दिले आणि तीन महिन्यांत अर्ज केला, तर तेही टिकत नाही.

मुक्तता मागताना कोर्ट विचारतं, विनातारण देण्याच्या रुपयामागे आठ आण्यांएवढी तरी मालमत्ता होती का? नसेल, तर दोष तुमचा नव्हता हे तुम्हाला दाखवावं लागतं. तिथे खतावणी कामी येते: कोणाला किती उधार दिलं, त्या साली किती वसूल झालं. वह्या ठेवल्याच नसतील तर तेही मुक्ततेच्या आड येतं. भाऊंच्या वह्या तारीखवार आहेत.

तूर्त आम्ही नादारीचा अर्ज थांबवला आहे. पतसंस्थेकडे एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव दिला असून, रक्कम भरल्यावर जामीनदारही मोकळा होईल हे तडजोडपत्रात स्पष्ट लिहून मागितलं आहे. पैशांसाठी भाऊ प्लॉट बाजारभावाने, रीतसर खरेदीखताने विकणार आहेत. तडजोड फिसकटली तर अर्ज आहेच, पण तेव्हा तीन महिन्यांचा हिशेब आधी बघावा लागेल.