पीडीआय रिपोर्टमधले फोटो: कोरी चौकट, आडवं कास्टिंग, काळा शिक्का

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्रीला डिस्पॅचआधीच्या तपासणीचा, म्हणजे पीडीआय रिपोर्ट सॉफ्टवेअरमधून पीडीएफ करून हवा होता. लॉटमधली सहा कास्टिंग, प्रत्येकाचे चार बाजूंनी चार फोटो, वर लोगो, शेवटी क्वालिटीचा शिक्का आणि सही. हीट नंबर (कास्टिंग ज्या वितळणीतून ओतलं तिचा क्रमांक), मापांचे तक्ते, सगळा मजकूर पहिल्याच दिवशी नीट उतरला. वेळ खाल्ला तो फोटोंनी.

फोटो दिसत नाही म्हटलं की हात आधी टेम्प्लेटकडे जातो. रुंदी बदल, बॉर्डर काढ, पुन्हा चालव. त्यात अर्धा दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. आधी विचारायचं ते एवढंच: चित्र पीडीएफच्या आत पोचलंय का? त्यासाठी पॉपलर या पीडीएफ हाताळणाऱ्या साधनांच्या संचातलं पीडीएफइमेजेस हे छोटं साधन ‘लिस्ट’ पर्याय देऊन चालवायचं. प्रत्येक पानावरच्या चित्राची एक ओळ मिळते: रुंदी-उंची पिक्सेलमध्ये, रंगपद्धत, एन्कोडिंग, ऑब्जेक्ट क्रमांक, पीपीआय (एका इंचात किती पिक्सेल), आकार. ओळच नसेल तर दोष पाथचा (फाइलच्या पत्त्याचा) किंवा परवानगीचा. ओळ असूनही कागदावर भलतंच दिसत असेल तर दोष चित्राचा. एक अपवाद लक्षात ठेवायचा. एसव्हीजी लोगो पीडीएफमध्ये रेषांच्या रूपात उतरतो, त्यामुळे तो या यादीत येतच नाही. तो नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

आमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये यादी रिकामी होती. जुना कोड डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफवर, म्हणजे एचटीएमएलचं पीडीएफ करणाऱ्या साधनावर होता आणि नव्या सर्व्हरवर त्याची ०.१२.६ ही आवृत्ती बसवली होती. या आवृत्तीपासून डिस्कवरच्या फाइली वाचायला मुळातच बंदी आहे. ‘एनेबल लोकल फाइल ॲक्सेस’ हा पर्याय दिला की फोटो येतात. पण मी ‘अलाऊ’ पर्यायाने फक्त फोटोंचा फोल्डर खुला करणं पसंत करतो. सगळी डिस्क उघडी टाकायची गरज काय? या बंदीची वॉर्निंग येते, पण कोडमध्ये ‘क्वाएट’ हा संदेश दाबून टाकणारा पर्याय चालू असेल तर ती कुणालाच दिसत नाही. तो पर्याय आधी काढा. या साधनाचं कामही आता थांबलेलं आहे. २०२३ मध्ये त्याचं गिटहबवरचं कोडचं भांडार अर्काइव्ह (फक्त वाचण्यापुरतं) झालं, म्हणून नवीन काम तेच करणाऱ्या वीझीप्रिंटवर घेतलं.

तिथे पुन्हा कोऱ्या चौकटी, पण कारण वेगळं. एचटीएमएल फाइल म्हणून न देता थेट स्ट्रिंग म्हणून दिलं, तर ‘फोटो/१.जेपीजी’ हा सापेक्ष पाथ कशाच्या सापेक्ष घ्यायचा हे साधनाला कळत नाही. त्यासाठी बेस यूआरएल, म्हणजे पाथ जिथून मोजायचा तो पत्ता, द्यावा लागतो. आणि चित्र सापडलं नाही तरी वीझीप्रिंट थांबत नाही. पीडीएफ तयार होतो, प्रोग्रॅम यशस्वी म्हणून संपतो, ‘फेल्ड टू लोड इमेज’ ही ओळ फक्त लॉगमध्ये जाते. लॉग कुठे जातो हे आधी ठरवलं नसेल तर तक्रार थेट गिऱ्हाइकाकडूनच येणार.

एवढं करूनही चोवीसपैकी तीन फोटो गायबच. फौंड्रीत फाइलला नाव देताना यूआरएलचा विचार कोण करतो? ‘हाउसिंग #४ ब्लो होल.जेपीजी’ असं नाव होतं (ब्लो होल म्हणजे कास्टिंगमध्ये वायूने पडलेलं छिद्र). यूआरएलमध्ये # च्या पुढचा भाग पानातल्या खुणेचा समजला जातो, त्यामुळे साधन ‘हाउसिंग’ एवढ्याच नावाची फाइल शोधत बसलं. स्पेस, टक्क्याचं चिन्ह आणि मराठी अक्षरंही अशीच कधी चालतात, कधी नाहीत. पाथ हाताने जोडू नये. पायथनच्या पाथ ऑब्जेक्टवर ‘ॲज यूआरआय’ चालवलं की सगळं एन्कोड होऊन मिळतं.

ऑफिसच्या विंडोज मशीनवर चालतं आणि सर्व्हरवर नाही, असं असेल तर लोगो.पीएनजी मधली अक्षरं लहान-मोठी तपासा. विंडोज फरक करत नाही, लिनक्स करतो. दुसरी तपासणी, सर्व्हिस ज्या युजरच्या नावाने चालते त्याला तो फोल्डर वाचता येतो का. फोटो वेब ॲड्रेसवरून येत असतील आणि तो लॉगिनच्या आत असेल, तर साधनाकडे कुकी नसते. त्याला फोटोऐवजी लॉगिनचं पान मिळतं आणि तेही २०० कोडसह, म्हणजे सगळं आलबेल असल्यासारखं.

आता आत पोचलेल्या पण बिघडलेल्या चित्रांकडे. पंप हाउसिंगचे काही फोटो आडवे पडले होते. गंमत म्हणजे तोच फोटो व्हॉट्सॲपवरून आला तर सरळ, केबलने उतरवला तर आडवा. मोबाईल पिक्सेल फिरवत नाही. ‘९० अंश फिरवून दाखवा’ एवढी सूचना एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलमधल्या माहितीत लिहितो, ओरिएंटेशन ६ किंवा ८. ब्राउझर ती पाळतो म्हणून प्रिव्ह्यूमध्ये सगळं सरळ दिसतं. पीडीएफ दाखवणारा प्रोग्रॅम जेपीजीच्या आतलं एक्झिफ बघतच नाही. उपाय पिलो या पायथनच्या चित्रांच्या लायब्ररीमधलं ‘एक्झिफ ट्रान्सपोज’, पण क्रम सांभाळायचा. आधी ट्रान्सपोज, मग आकार कमी करणं. उलट केलं तर सेव्ह करताना एक्झिफ गळून पडतं आणि फोटो कुठे फिरवायचा ही खूणच उरत नाही. आयफोनच्या एचईआयसी फाइली पिलो स्वतःहून उघडत नाही, वेगळं प्लगइन लागतं. फाइलचं नाव जेपीजी आणि आत वेबपी, हेही होतं. लिनक्सची ‘फाइल’ कमांड खरा प्रकार सांगते. पीडीएफमध्ये वेबपी तसाच ठेवायची सोय नाही, आधी जेपीजी किंवा पीएनजी करावं लागतं.

शिक्क्याचं पान रिपोर्टलॅब या पायथनच्या पीडीएफ लायब्ररीने काढत होतो. पारदर्शक पीएनजी टाकला आणि सहीवर काळा चौकोन बसला. पीडीएफमध्ये पारदर्शकता हे वेगळं चित्र असतं, त्याला सॉफ्ट मास्क म्हणतात. पीडीएफइमेजेसच्या यादीत शिक्क्याच्या ओळीखाली ‘एसमास्क’ अशी दुसरी ओळ हवी. ती नसेल तर ‘ड्रॉइमेज’ला ‘मास्क ऑटो’ द्या. पीएनजीचं थेट आरजीबी करणारे लोक मी बरेच पाहिले. त्यात अल्फा (पारदर्शकतेची माहिती) फेकला जातो आणि खालचा काळा रंग उघडा पडतो. आरजीबीच हवं असेल तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर अल्फाचाच मास्क वापरून पेस्ट करायचं. गिऱ्हाइकाने पीडीएफ-ए-१ (दीर्घकाळ जतन करायचा पीडीएफ प्रकार) मागितला असेल तर हाच मार्ग, कारण त्या प्रकारात पारदर्शकता चालत नाही.

लोगो निगेटिव्हसारखा उमटला, तेव्हा यादीत रंगाच्या रकान्यात ‘सीएमवायके’ (छपाईची चार रंगांची पद्धत) दिसलं. लेटरहेडच्या छपाईसाठी केलेली फाइल आम्ही तशीच उचलली होती. फोटोशॉपच्या सीएमवायके जेपीजीमध्ये आकडे उलटे साठवलेले असतात आणि काही साधनं ते पुन्हा उलटवायचं विसरतात. कोडमध्ये झगडण्यापेक्षा डिझायनरकडून एसव्हीजी मागवून घेतलं ते बरं झालं.

शेवटी वजन. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल, अंदाजे ४ एमबी. चोवीस फोटोंचे ९६ एमबी होतात, आणि जीमेल २५ एमबीच्या पुढे जोडू देत नाही. रिपोर्टमध्ये फोटोची रुंदी ८० मिमी, म्हणजे ३.१५ इंच. ३०० पीपीआय धरले तर ९४५ पिक्सेल पुरतात. टेम्प्लेटमध्ये रुंदी कमी दाखवून फाइल हलकी होत नाही, मूळ चित्र जसंच्या तसं आत बसतं. यादीत पीपीआय १२७० दिसले की समजायचं, आकार कमी करायचा राहिलाय. ब्लो होल मोठा करून बघायचा असतो, म्हणून दोषाच्या फोटोला मी १६०० पिक्सेल ठेवतो, बाकीच्यांना ९४५, जेपीजी क्वालिटी ८०. रिपोर्टलॅबच्या फ्लोएबल (पानावर आपोआप मांडल्या जाणाऱ्या) इमेजला रुंदी दिली नाही तर तो एक पिक्सेल म्हणजे एक पॉइंट धरतो. ए४ पान ५९५ बाय ८४२ पॉइंटांचं, त्यात ४००० चा फोटो कसा मावणार? ‘लेआउट एरर’ येतो तो यामुळे.

आता मेल जाण्याआधी स्क्रिप्ट पीडीएफइमेजेसची यादी वाचते, एसमास्कच्या ओळी वगळते आणि मोजते: २४ फोटो आणि १ शिक्का. एकही कमी भरला तर पीडीएफ पुढे जात नाही आणि स्क्रीनवर त्या फोटोच्या फाइलचं नाव येतं.