पैनगंगेच्या काठी बर्फाचे ओरखडे : इरईची एक दिवसाची वाट

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मी आणि माझी भाची चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातील इरई या गावी जाऊन आलो. पैनगंगा जिथे वर्धेला मिळते त्या परिसरात, नदीकाठच्या चुनखडकावर, सुमारे २९ ते ३० कोटी वर्षांपूर्वी सरकत गेलेल्या बर्फाने ओढलेल्या रेघा आजही दिसतात. मी वणी तालुक्यातल्या एका खेड्यात तीस वर्षे भूगोल शिकवला, मुलांना गंगोत्रीपासून अलास्कापर्यंतच्या हिमनद्या नकाशावर दाखवल्या, आणि घरापासून तासा-दीड तासावर असलेला हा खडक त्यांना कधी दाखवला नाही, याची खंत मनात होती. भाची गेली तीन वर्षे हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमधील छोटा शिग्री या हिमनदीवर मोजणीसाठी जाणाऱ्या गटात आहे. जिवंत हिमनदी रोज पाहणाऱ्या डोळ्यांनी मेलेल्या हिमनदीची जागा पाहावी, असे तिच्या मनात होते.

आधी वाटेविषयी, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. चंद्रपूर शहराजवळून वाहणारी इरई नदी आणि तिच्यावरचे इरई धरण यांचा या गावाशी काही संबंध नाही. कुणालाही नुसते ‘इरई’ विचारले तर तो धरणाकडे बोट दाखवतो, म्हणून ‘कोरपना तालुक्यातले इरई’ असेच विचारावे. आम्ही घुग्घुसवरून येऊन भोयेगावच्या पुलाने वर्धा नदी ओलांडली आणि पुढे गावरस्त्याने गेलो. पावसाळ्यात हा पूल पुराखाली जातो आणि नदीकाठचे खडकही पाण्याखाली किंवा गाळाखाली असतात, त्यामुळे जुलै ते ऑक्टोबर हा काळ टाळावा. एप्रिल-मेमध्ये या भागात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उघड्या खडकावर अर्धा तासही थांबवत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हाच खरा काळ, आणि त्यातही सकाळी नऊच्या आत पोचणे महत्त्वाचे, ते का हे पुढे येईल.

गावातून नदीकडे जाणारी पांदण दोन्ही बाजूंच्या वावरांतून जाते. वेचणी चालू असलेल्या पऱ्हाटीतून आणि तुरीतून जायचे असल्याने आम्ही आधी वावराच्या मालकाला विचारले. धुऱ्यावर बसलेले एक आजोबा स्वतःच सोबत निघाले. “त्या रेघा आमच्या लहानपणापासून हायेत जी,” ते म्हणाले, “आमी तं बंडीच्या चाकाच्या समजत होतो. पन बंडी नदीत कशाले जाईन?” भाचीने त्यांना सांगितले की त्यांची शंका अगदी बरोबर आहे, आणि शास्त्रज्ञांनीही हाच प्रश्न याच ठिकाणी स्वतःला विचारला होता.

ओडिशातील तालचेर भागात १८५६ च्या सुमारास ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांना बारीक मातीत रुतलेल्या मोठमोठ्या दगडांचा एक विचित्र थर दिसला होता, आणि एवढे जड दगड एवढ्या बारीक मातीसोबत वाहून आणणारा बर्फच असला पाहिजे, असा तर्क त्यांनी मांडला होता. उष्ण कटिबंधात बर्फ कसा, म्हणून अनेकांना तो पटला नाही. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी इरईजवळ त्याच तालचीर थराखालचा चुनखडक गुळगुळीत झालेला, घासलेला आणि समांतर खाचा पडलेला पाहिला आणि १८७५ मध्ये तो पुरावा प्रसिद्ध केला. तो बर्फ पसरला त्या काळी भारतीय भूमी गोंडवन या प्राचीन महाखंडाचा भाग होती आणि दक्षिण ध्रुवाच्या बरीच जवळ होती, हे कळायला आणखी बराच काळ जावा लागला. ‘गोंडवन’ हे नाव ज्या गोंड मुलखावरून पडले, त्याच मुलखातला हा खडक आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

खडक शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. सूर्य डोक्यावर आला की रेघा दिसेनाशा होतात. सकाळचे तिरपे ऊन असेल तरच खाचांच्या कडा सावली धरतात आणि सगळ्या रेघा एकाच दिशेने गेलेल्या कळतात. आम्ही खडकावर बाटलीतले पाणी ओतले, तेव्हा राखाडी दगडावर त्या आणखी ठसठशीत झाल्या. त्याच्यावर हिरवट मातीचा थर आहे आणि त्यात मुठीएवढ्यापासून पोत्याएवढ्यापर्यंतचे निरनिराळ्या जातीचे दगड बसलेले आहेत. नदीने आणलेला गोटा सगळीकडून गोल होतो, पण बर्फात अडकून आलेल्या दगडाची एखादी बाजू कानस मारल्यासारखी सपाट असते आणि तिच्यावर बारीक समांतर ओरखडे असतात. कारण स्वच्छ बर्फ खडक खरवडू शकत नाही. बर्फाच्या तळात अडकलेले दगड खालच्या खडकाला घासतात आणि स्वतःही घासले जातात. हातोडी किंवा खडू इथे चुकूनही वापरू नये. सुटा पडलेला दगडसुद्धा उचलून घरी नेऊ नये, कारण तो कुठल्या थरातून पडला हे जागेवरच कळते.

तिथेच खडकावर बसून डबा खाताना भाचीने मला तिच्या कामाविषयी सांगितले. लाहौलच्या बोलीत ‘शिग्री’ म्हणजेच हिमनदी. छोटा शिग्री सुमारे नऊ किलोमीटर लांब आहे, तर चंद्रा खोऱ्यातच असलेली बडा शिग्री तिच्या जवळजवळ तिप्पट लांब आहे. २००२ पासून छोटा शिग्रीची दरवर्षी सलग मोजणी होत आली आहे. पद्धत साधी आहे. बर्फात खोल भोक पाडून बांबूची काठी रोवतात आणि वर्षाने काठी किती उघडी पडली ते मोजतात. वरच्या भागात, जिथे वर्षाचा बर्फ साठून राहतो, तिथे खड्डे खणून नव्या थराची जाडी आणि घनता पाहतात.

“मामा, कणगीचा हिशेब आहे हा,” ती म्हणाली. “वरून हिमवर्षावाचं धान्य पडतं, खालून वितळून जातं. जेवढं पडतं तेवढंच गेलं तर हिमनदी जागेवर राहते.” छोटा शिग्रीच्या कणगीतून या शतकात वर्षाला सरासरी सुमारे अर्धा मीटर उंचीच्या पाण्याएवढा बर्फ कमी होत आला आहे. हे पूर्ण पृष्ठभागावरचे सरासरी नुकसान आहे. खालच्या टोकाशी काठ्या एका उन्हाळ्यात कित्येक मीटर उघड्या पडतात.

पण मला खरे ऐकायचे होते ते छोट्या हिमनद्यांविषयी, कारण हिमालयातल्या बहुसंख्य हिमनद्या एक चौरस किलोमीटरहूनही लहान आहेत आणि त्यांना नावेही नाहीत. मोठ्या हिमनदीचा बर्फ शेकडो मीटर जाड असतो, म्हणून तापमान वाढल्याचा परिणाम तिच्या टोकाशी दिसायला अनेक दशके लागतात. लहान हिमनदी पातळ असते, तिला लगेच झळ बसते. मोठ्या हिमनदीचा माथा उंच असल्याने ती खालून आटत आटत वर सरकू शकते. लहान हिमनदीला वर सरकायला जागाच नसते. उन्हाळ्याच्या शेवटी जिथवर हिम टिकून राहते ती रेषा एकदा तिच्या माथ्याच्याही वर गेली, की त्या हिमनदीला नवा पुरवठा मिळत नाही आणि उरलेला बर्फ फक्त वितळायचा राहतो.

या वितळण्याला स्वतःचाच रेटा मिळत जातो, आणि हा भाग मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटला. ताजे हिम अंगावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक परतवते, उघडा बर्फ साधारण तिसरा हिस्सा, आणि धूळ-काजळी बसलेला बर्फ त्याहूनही कमी. म्हणजे हिम लवकर गेले की बर्फ जास्त ऊन पितो. बर्फ पातळ झाला की त्याचा पृष्ठभाग खाली येतो, आणि खाली हवा अधिक उबदार असते. दर किलोमीटर उतरण्यामागे साधारण साडेसहा अंश. आजूबाजूचा काळा खडक उघडा पडला की तोही तापून कडेचा बर्फ खातो. नेपाळ-सिक्कीमकडे तर बराचसा हिमवर्षाव पावसाळ्यातच होतो. तिथे तापमान थोडे वाढले तरी हिमाऐवजी पाऊस पडतो, म्हणजे कणगीत येणारे धान्य थांबते आणि आत पाणी शिरते, अशी दोन्हीकडून हानी होते. टोकाशी दगडमातीचा जाड थर साचला तर त्याखालचा बर्फ काही काळ झाकला जातो खरा, पण त्याने वरचा पुरवठा परत येत नाही.

नेपाळच्या लांगटांग खोऱ्यातील ‘याला’ नावाची हिमनदी १९७० च्या दशकापासून ६६ टक्के आक्रसली, आणि मे २०२५ मध्ये तिथे जमून लोकांनी तिला निरोप दिला. आइसलँडमधील ओक ही हिमनदी आता सरकण्याइतकी जाड राहिली नाही, म्हणून २०१४ मध्येच ती हिमनदी नसल्याचे जाहीर झाले होते. बर्फ स्वतःच्या भाराने सरकला तरच ती हिमनदी, नाहीतर तो नुसता साचलेला ढीग. इरईच्या रेघा बोटाने चाचपताना हा फरक जितका स्पष्ट कळतो तितका पुस्तकातून कळत नाही. जागतिक तापमानवाढ दीड अंशावर थोपवली तरी या शतकाअखेर जगातल्या दोन लाखांहून अधिक हिमनद्यांपैकी जवळजवळ निम्म्या नाहीशा होतील, आणि त्यांत बहुतांश लहानच असतील, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. अशा हिमनद्यांच्या पाण्यावर जगणाऱ्या डोंगरी गावांना आधी काही वर्षे ओढ्याला जास्त पाणी आल्यासारखे वाटते, आणि नंतर ऐन उन्हाळ्यात ओढा आटतो.

आपल्या भागाशी याचे नाते मला या सहलीत प्रथमच नीट उमगले. तालचीर थर मागे ठेवून बर्फ वितळल्यानंतर त्या थराच्या वरच्या थरांत जी झाडे गाडली गेली, तोच वणी, घुग्घुस, माजरीचा कोळसा. आणि बर्फाने ज्या चुनखडकावर रेघा ओढल्या, तोच खडक या तालुक्यातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत जातो. कोळसा जाळला की हवा तापवणारा कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) निघतो, आणि चुनखडक भाजला की त्यात बांधलेला कर्बवायूही सुटतो. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र, घराघरांतला दिवा, माझ्या घराचा स्लॅब, सगळे यातूनच आले आहे. औद्योगिक काळापूर्वी हवेत दहा लाख भागांमागे सुमारे २८० भाग असलेला हा वायू आता ४२० च्या पुढे गेला आहे. तो मोठा बर्फ जायला लाखो वर्षे लागली. ‘याला’ हिमनदी दोन-तृतीयांश आक्रसायला माणसाचे एक आयुष्य पुरले.

शाळेची सहल न्यायची असेल तर एका खेपेला वीस-पंचवीसच मुले न्यावीत, कारण काठ निसरडा आहे आणि उघडा खडक थोडाच आहे. भूशास्त्राचा जाणकार सोबत असल्याशिवाय जाऊ नये. गाळाने खडक झाकला असेल तर तो बाजूला करायचा की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे. पिण्याचे पाणी गावातून भरून घ्यावे, परतीसाठी वाहन ठरवूनच ठेवावे. ज्यांना जिवंत हिमनदी पाहायची आहे त्यांनी कुमाऊंमधील पिंडारीची वाट धरावी. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात जावे, खाती गावातून वाटाड्या घ्यावा आणि आपण समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे-अडीचशे मीटरवर राहणारी माणसे आहोत हे ध्यानात ठेवून चढाईचे दिवस वाढवावेत. शेवटच्या ठाण्याशी कडा ढासळत असते, तिच्या काठावर उभे राहू नये.

निघण्यापूर्वी आम्ही ओरखड्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलने हलके घासले आणि त्यांचे दोन ठसे उतरवून घेतले. याने दगडाला काहीही इजा होत नाही. एक कागद आता आमच्या गावच्या शाळेत भूगोलाच्या नकाशाशेजारी लावला आहे, दुसरा भाची सोबत घेऊन गेली. छोटा शिग्रीवरील काठ्यांची पुढची मोजणी सप्टेंबरअखेर आहे. सर्वांत खालची काठी किती उघडी पडली तो आकडा ती कळवणार आहे, आणि तो मी शाळेतल्या ठशाखाली तारखेसह लिहिणार आहे.